गुडघ्याच्या खाली

नववीत पाच फूट अकरा.
आचल मडावीला शाळेत कामं ठरलेली:
घड्याळ थांबलं की सेल बदल,
पोषण आहाराच्या खोलीतल्या वरच्या फळीवरून
तिखटाचा डबा काढ.
घरीही तेच. बाप हसून म्हणे,
पोरगी नाही, शिडी आहे आमची.

आमच्या मैदानाला सिमेंट नाही. मुरूम आहे,
आणि मुरमावर चेंडू खोटं बोलतो,
टाकावा इकडे, उठतो तिकडे.
रिंग जिनिंगवरच्या वेल्डरने वाकवली,
ती सव्वा इंच लहान भरली.
मी म्हटलं, राहू द्या.

पहिल्याच दिवशी तिला सांगितलं,
रिंगखाली उभं राहायचं नाही.
जा, नाझियासोबत ड्रिबल कर.
नाझिया तिच्या कोपराएवढी,
पण चेंडू तिच्यामागे करडासारखा चालतो.
आचलने तो छातीपर्यंत उडवला.
खाली, मी ओरडलो. गुडघ्याच्या खाली.
"काऊन जी सर? मले तं हात वर केला का भेटते."

भेटते.
देवानंद नेवारेलाही भेटत होता.
बारा वर्षांपूर्वी, सहा फूट दोन.
मी त्याला रिंगखाली बुजगावण्यासारखा रोवला,
हात वर ठेव, बाकी काही करू नको.
तालुका जिंकलो, जिल्हा जिंकलो, माझा सत्कार झाला.
शाल अजून कपाटात आहे, डांबराच्या गोळ्यांसकट.
मग नागपूरच्या शिबिरात
त्याच्याहून उंच अकरा पोरं निघाली.
तिथले सर म्हणाले, मग तू चेंडू घेऊन वर ये.
देवानंदला चेंडू घेऊन चालता येत नव्हतं.
तिसऱ्या रात्रीच्या एसटीने तो परत आला.
मला काही बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

म्हणून आचल, डावा हात.
डाव्या हाताने केस विंचर, डाव्याने बादली उचल.
एका हातात बास्केटबॉल, दुसऱ्यात कातडं गेलेला व्हॉलीबॉल,
दोन्ही एकदम, आणि नजर
त्या सागाच्या शेंड्यावर.
वळताना एक पाय खळ्यातला तिवडा, दुसरा बैल.
तिवडा हलला की शिट्टी.
दिवाळीपर्यंत शिट्टीच वाजत होती.
मधे आठ दिवस ती आलीच नाही.
नाझिया जाऊन घेऊन आली, काय बोलली कोण जाणे.

यवतमाळला पहिल्या सामन्यात
तिने चेंडू मधूनच वर आणला, आणि घालवला.
पुन्हा आणला, पुन्हा घालवला.
पालक ओरडत होते, अबे तिले रिंगखाली उभी करा ना!
मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं.
मी बुटाची नाडी बांधत बसलो.
तिसऱ्यांदा ती वाकली,
इतकी, की समोरचीला फक्त तिची वेणी दिसली असावी,
आणि डाव्या हाताने चेंडू नाझियाकडे गेला.
नाझियाचा नेम चुकला.
आम्ही नऊ गुणांनी हरलो.

बाहेर फाटकावर एक जण स्पर्धेचं फ्लेक्स सोडवत होता,
शिडीशिवाय.
मला पाठीवरूनच ओळखू आलं.
त्याने सगळा सामना पाहिला होता, तारेच्या जाळीतून.
"पोरगी वाकते, सर," देवानंद म्हणाला.
मग, थोडं थांबून,
"मले नाई शिकवलं तुम्ही हे."

मी काय सांगणार?
मला तेव्हा येत नव्हतं, हे खरं होतं,
पण पुरेसं नव्हतं.
आचलने चेंडू त्याच्याकडे टाकला.
त्याने डाव्या हाताने आपटला, एकदा, दोनदा,
तिसऱ्यांदा चपलेवर लागून तो
फ्लेक्सच्या टेम्पोखाली गेला.

आम्ही तिघंही पाहत राहिलो.
मग आचल गुडघ्यावर बसली,
डावा हात आत घातला.
"सर, भेटला," म्हणाली,
आणि तो माझ्याकडे न देता
पुन्हा त्याच्याकडे सरपटत सोडला.